सातबारा संपतो तिथून पुढे

अलिबागपासून मालवणपर्यंतच्या जमिनींच्या जाहिरातींत ‘सी-टच’ हा शब्द आला की भाव चढतो. रस्त्याकडचा गुंठा एका दराने जातो, पाण्याकडचा दुसऱ्याच. घेणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चित्र तयार असतं. मागे माडांची बाग, मध्ये कौलारू घर, पुढे पाण्यात गेलेली छोटीशी जेट्टी आणि तिला बांधलेली स्वतःची बोट. बाग होते. नियमांत बसवून घरही होतं. जेट्टीपाशी मात्र गाडं अडतं.

ते पैशापायी अडत नाही, सातबाऱ्यापायी अडतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार भरतीच्या रेषेखालचा समुद्राचा, बंदरांचा आणि खाड्यांचा तळ सरकारच्या मालकीचा आहे. बागायतदाराचा गट नंबर संपला की पुढचा चिखल, वाळू, कातळ आणि त्यावरचं पाणी यातलं काहीच त्याचं राहत नाही. जेट्टीची पहिली पायरी काय ती त्याच्या जमिनीवर, बाकी सगळी जेट्टी परक्या जागेत. परवानगी मागायला तो घरमालक म्हणून जातो खरा, पण समोरच्या टेबलाच्या लेखी तो सरकारी जागेत खांब रोवू पाहणारा अर्जदार असतो. एवढं ध्यानात घेतलं की पुढे प्रत्येक कचेरीत विचारला जाणारा प्रश्न कुठून आला ते कळतं.

आता ही रेषा नेमकी कुठे? गावातल्या कोळ्याला विचारलं तर तो उधाणाच्या भरतीने गडग्याशी आणून टाकलेल्या काटक्याकुटक्यांकडे बोट दाखवील, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असेल. कायद्यातली व्याख्याही तीच आहे. उधाणाच्या वेळी पाणी जमिनीवर जिथवर चढतं ती भरतीची उच्चतम रेषा. फक्त अर्जासोबत बोट दाखवून चालत नाही. केंद्र सरकारने नेमून दिलेल्या मोजक्या संस्थांपैकी एकीकडून ती रेषा आखून घ्यावी लागते. चेन्नईचं अण्णा विद्यापीठ आणि तिथलंच राष्ट्रीय शाश्वत किनारा व्यवस्थापन केंद्र या अशा संस्था. त्यांचा नकाशा १:४००० या प्रमाणात असतो, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवरच्या ४० मीटरांएवढा. या हिशेबाने अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर दोन मीटर रुंद पडते. खाडीकाठच्या चिंचोळ्या बागेत दोन मीटर थोडे नसतात. घराची पडवी रेषेच्या अलीकडे की पलीकडे, यावर पुढची सगळी फाइल फिरू शकते.

एका सहीचे दिवस

मुंबईत एके काळी हा मामला पुष्कळ सरळ होता. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ईस्ट इंडिया कंपनीची परवानगी काढली, किनाऱ्यावर भराव टाकला आणि उतारूंसाठी धक्का बांधला. भाऊच्या धक्क्याचं नाव तिथून आलं. समुद्र कंपनीचा, किनारा कंपनीचा, तेव्हा मान्यताही एकाच ठिकाणाहून मिळाली की काम झालं.

पुढे खासगी भांडवल मोठ्या प्रमाणावर पाण्यात उतरलं. कापसाच्या तेजीच्या काळात एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनीने मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर भरावाचं काम हाती घेतलं. १८७५ मध्ये ससून घराण्याने कुलाब्याला भरावाच्या जमिनीवर स्वतःचं डॉक उभं केलं. तेच आजचं मासळी उतरवण्याचं ससून डॉक. पण किनारा खासगी हातांत राहिला तर जहाजांकडून काय दर घ्यायचे हेही तेच हात ठरवणार, हे तोवर सरकारला कळून चुकलं होतं. एल्फिन्स्टन कंपनीची मालमत्ता सरकारने विकत घेतली, १८७३ मध्ये बॉम्बे पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला आणि काही वर्षांत ससून डॉकही खासगी मालकीतून सुटलं. धक्का कोणीही बांधला तरी पाण्याकाठच्या जागेवर ताबा सार्वजनिक हवा, हा धडा मुंबईने पर्यावरणाच्या कायद्यांच्या शंभर वर्षं आधी बंदराच्या हिशेबवहीतून घेतला होता.

पर्यावरणाचं कलम नंतर आलं. नोव्हेंबर १९८१ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा बांधकामापासून मोकळा ठेवायला सांगितलं. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आणि त्याखालची फेब्रुवारी १९९१ ची सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचना यांनी त्या पत्राला कायद्याचं बळ दिलं. त्यानंतर २०११ आणि २०१९ अशा दोनदा अधिसूचना नव्याने निघाल्या.

नव्वदच्या दशकात न्यायालयाने आणखी एक पाया घातला. हिमाचल प्रदेशात एका हॉटेलने आपल्या आवारासाठी बियास नदीचा प्रवाहच वळवला होता. एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नद्या, समुद्रकिनारे, जंगलं ही सरकारकडे जनतेची ठेव म्हणून असतात आणि विश्वस्ताला ती कुणाच्या खासगी सोयीसाठी देऊन टाकता येत नाहीत. हे तत्त्व मांडताना न्यायालयाने रोमन कायद्यापर्यंत मागे जाऊन आधार घेतला होता. जेट्टीच्या वादांत आजही दोन्ही बाजूंचे वकील या निकालाचं बोट धरतात.

खाडीकाठची एक बाग

समजा, दाभोळच्या वर वाशिष्ठीकाठी एका कुटुंबाची माडापोफळीची बाग आहे. होमस्टे चालतो. पाहुण्यांना खाडीत फिरवून मगरी दाखवायच्या, तर पंधरा-वीस मीटरची जेट्टी हवी. वडिलांचा सल्ला असा की सुताराला बोलवावं आणि चार खांब ठोकून मोकळं व्हावं, पूर्वी सगळे तसंच करायचे. मुलाने इंटरनेटवर वाचलेलं असतं की परवानगी लागते. दोघांचंही थोडंथोडं खरं आहे. खाडीकाठी वर्षानुवर्षं लाकडी मोळ्यांच्या पकट्या होत्या आणि त्यांचे कागद कुणी मागितले नव्हते. पण पाहुण्यांकडून पैसे घेऊन बोट लावायची म्हटलं की जबाबदारी येते, आणि जबाबदारी आली की कागद आला.

पहिला कागद महाराष्ट्र सागरी मंडळाचा. १९९६ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या मंडळाच्या अखत्यारीत राज्यातली ४८ लहान बंदरं आणि त्यांच्या खाड्या येतात. जागेवर दिसतो तो बंदर निरीक्षक, त्याच्या वर प्रादेशिक बंदर अधिकारी. यांचे प्रश्न नावाड्याचे असतात. ओहोटीला जेट्टीच्या टोकाशी पाणी किती उरतं? खाडीतला बोटींचा नेहमीचा मार्ग जेट्टीपासून किती दूर आहे? रात्री टोकावर दिवा असणार का? दोन बोटी समोरासमोर आल्या तर वळायला जागा आहे का? जागा सरकारची असल्याने ती वापरण्याचा मोबदलाही ठरतो.

वाशिष्ठीच्या बाबतीत इथे एक फाटा फुटतो. २०१६ च्या कायद्याने देशातल्या १११ जलमार्गांना राष्ट्रीय दर्जा मिळाला, त्यात दाभोळची खाडी आणि वाशिष्ठी मिळून राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक २८ झाला. सावित्री, राजपुरीची खाडी, जयगडची शास्त्री, गोव्यातल्या मांडवी आणि जुवारी याही त्याच यादीत आहेत. त्यामुळे भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. २०२५ मध्ये या प्राधिकरणाचे जेट्टी आणि टर्मिनल बांधण्यासंबंधीचे नवे विनियम आले आणि खासगी व्यक्तीला वा कंपनीला राष्ट्रीय जलमार्गावर जेट्टी बांधण्याची वाट पहिल्यांदा नीट आखली गेली. जेट्टी कायमची असेल तर परवाना तिच्या आयुष्यभराचा, तात्पुरती असेल तर सुरुवातीला पाच वर्षांचा, पुढे मुदतवाढ. गोव्यात याशिवाय कॅप्टन ऑफ पोर्ट्स हे खातं आहे. मांडवीत काहीही बांधायचं तर त्या दारावरून जावंच लागतं.

खरी जाड फाइल होते ती सीआरझेडची. किनारा या अधिसूचनेने चार भागांत वाटला आहे. कांदळवनं, प्रवाळ, वाळूच्या टेकड्या, कासवांची अंडी घालण्याची ठिकाणं हे पहिल्या वर्गातलं अतिसंवेदनशील क्षेत्र. भरती-ओहोटीच्या रेषांमधला पट्टाही पहिल्याच वर्गात, पण वेगळ्या उपविभागात. शहरातला बांधलेला भाग दुसरा, गावांचा मोकळा भाग तिसरा आणि ओहोटीच्या रेषेपासून बारा सागरी मैलांपर्यंतचं पाणी चौथा. खाडीचं काय? कोरड्या ऋतूत पाण्याच्या दर हजार भागांत पाच भाग क्षार सापडतो तिथपर्यंत ती समुद्राचीच मानली जाते. समुद्र नजरेलाही पडत नाही अशा वरच्या गावातल्या बागायतदाराला सीआरझेडची नोटीस आली की तो चक्रावतो, त्यामागे हा खारेपणाचा हिशेब असतो.

जेट्टी मुळातच पाण्यावाचून उभी राहू शकत नाही, म्हणून करता येण्याजोग्या कामांच्या यादीत ती आहे. पण यादीत असणं म्हणजे फक्त अर्ज घेतला जाणं. अर्जासोबत भरतीची रेषा दाखवणारा नकाशा, त्यावर जेट्टीचा आराखडा, भोवतालच्या सात किलोमीटरच्या परिघाचा नकाशा, पर्यावरणावरच्या परिणामांचा अहवाल, आपत्ती आली तर काय करणार याची योजना आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ना हरकत पत्र जातं. हे सगळं महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणापुढे येतं. कागद पूर्ण मिळाल्यापासून साठ दिवसांत प्राधिकरणाने शिफारस करावी असा नियम आहे. सगळी मेख ‘पूर्ण’ या शब्दात असते. एक नकाशा कमी निघाला की साठ दिवस पुन्हा पहिल्यापासून. शेवटची मंजुरी राज्यात मिळणार की केंद्रात, हे जागा कुठल्या वर्गात पडते आणि काम केवढं आहे यावर ठरतं.

मग कांदळवन. पंधरा मीटरच्या वाटेत चिपीची किंवा तिवराची चार झाडं आली तर बागेच्या मालकाला ती ‘चार झाडं’ वाटतात. मुंबई उच्च न्यायालयाला तशी वाटत नाहीत. ऑक्टोबर २००५ च्या आदेशाने आणि सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालाने न्यायालयाने राज्यभर कांदळवनतोडीवर बंदी घातली आणि त्यांच्याभोवती पन्नास मीटरचा पट्टा राखायला सांगितला. जमीन खासगी असली तरी सुटका नाही. सार्वजनिक हिताचं काम असेल तर तोडीसाठी थेट उच्च न्यायालयाची परवानगी लागते. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनलाही सुमारे वीस हजार कांदळझाडांसाठी न्यायालयात उभं राहावं लागलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी मिळाली. होमस्टेच्या जेट्टीला सार्वजनिक हित दाखवता येणं अवघडच. म्हणून जाणते सल्लागार आराखडा काढण्याआधी बागेच्या काठाने ओहोटीला एक फेरी मारतात आणि चिखलातून वर आलेली श्वासमुळं कुठवर पसरली आहेत ते बघतात. बहुतेक प्रस्तावांचा निकाल त्या फेरीतच लागतो.

शेवटचं टेबल गावातलं. खाडीत डोलीची जाळी कुठे लागतात, रापण कुठे ओढतात, होड्या कुठे वर घेतात, हे कुठल्याच नकाशावर नसतं. २०११ पासून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या किनारा समितीत स्थानिक पारंपरिक समाजाचे, मच्छीमार धरून, किमान तीन प्रतिनिधी असावेत अशी तरतूद आहे. तिथे एखाद्या म्हाताऱ्या नाखव्याने विचारलं की आमची होडी या जेट्टीला लावायची की नाही, तर अर्जदाराकडे उत्तर तयार हवं. ‘नाही’ म्हटलं तर विरोध ठरलेलाच. ‘हो’ म्हटलं तर जेट्टी खासगी राहत नाही.

खांब की भराव

एवढे कागद कशासाठी, असा त्रागा करणाऱ्याने एकदा ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर उभं राहून पाहावं. मुंबईच्या बाजूला मोठ्या उधाणाला भरती आणि ओहोटीच्या पातळीत साडेचार मीटरहून अधिक फरक पडतो. गोव्याकडे जाता जाता तो निम्म्यावर येतो. भांगाच्या, म्हणजे छोट्या भरतीच्या, दिवसांत दोन्हीकडे पाणी त्यामानाने कमी हलतं. मुंबई-रायगडच्या चिखलाळ किनाऱ्यावर ओहोटीला पाणी दूरवर मागे सरकतं, म्हणजे बोट तरंगती ठेवायची तर जेट्टी तेवढी लांब न्यायला हवी. लांबी वाढली की खर्च वाढतो आणि पाण्यात केलेली ढवळाढवळही वाढते.

जेट्टी दोन तऱ्हांनी बांधता येते. दगडमातीचा भराव टाकून पाण्यात बांध न्यायचा, किंवा खांब रोवून त्यावर पाटण टाकायची. भराव स्वस्त आणि झटपट. पण किनाऱ्यालगत वाळू सतत एका दिशेने सरकत असते. मध्ये बांध आला की ती एका अंगाला साचते आणि दुसऱ्या अंगाचा किनारा उपाशी राहून खचायला लागतो. शेजारच्याची बाग समुद्रात का गेली याचं उत्तर अनेकदा दोन घरं पलीकडच्या दगडी बांधात सापडतं. खांबांमधून पाणी आणि वाळू दोन्ही जातात, म्हणून परवानगी देणाऱ्यांचा कल खांबांकडे. तरीही खांबांमागे प्रवाह मंदावतो आणि गाळ बसतो. मोठ्या कामांसाठी पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात खाडीचं प्रतिरूप करून गाळ कुठे बसेल ते आधी तपासतात. १९१६ पासून चालत आलेली ही संस्था देशातल्या बहुतेक बंदरांची पाणीपरीक्षा घेत आली आहे.

हे तपासलं नाही किंवा तपासूनही निसर्गाने दाद दिली नाही, तर काय होतं ते मांडव्याला दिसतं. भाऊचा धक्का ते मांडवा ही गाड्या नेणारी रो-रो सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली आणि रस्त्याने शंभरावर किलोमीटरचा वळसा तासाभराच्या बोटप्रवासावर आला. अलिबागकरांना ती फळली. पण मांडव्याच्या जेट्टीपाशी गाळ साचतच राहतो आणि तो पुन्हा पुन्हा उपसावा लागतो. जेट्टीचा खर्च बांधून संपत नाही, हे खासगी अर्जदाराच्या अंदाजपत्रकात सहसा नसतं.

फ्लोरिडातली अर्ध्या इंचाची फट

पाण्याकाठी घर आणि घरापुढे स्वतःचा डॉक हे स्वप्न मूळचं जिथलं, त्या अमेरिकेतही मोकळं रान नाही. तिथे डॉकचा अर्ज चक्क लष्कराच्या अभियंता दलाकडे जातो, कारण १८९९ च्या नद्या आणि बंदरांच्या कायद्याच्या दहाव्या कलमानुसार नौकानयनायोग्य पाण्यात काहीही उभारायला या दलाची संमती लागते. त्यावर राज्याचे आणि गावाचे नियम वेगळे.

फ्लोरिडात पाण्याखालची जमीन राज्याची आहे, आपल्या कलम २० सारखीच. फरक रेषेत आहे. आपली रेषा उधाणाच्या सगळ्यात वरच्या पाण्याची, तर त्यांची एकोणीस वर्षांच्या भरत्यांच्या सरासरीची. साहजिकच त्यांच्याकडे मालकाच्या वाट्याला थोडी जास्त जमीन येते. एका घराच्या वापरापुरता, पाण्यावर हजार चौरस फुटांपर्यंतचा डॉक राज्याच्या परवान्यातून वगळलेला आहे. विशेष संरक्षित पाण्यात ही मर्यादा पाचशेवर येते. शेजाऱ्याच्या हद्दीपासून साधारणपणे पंचवीस फूट अंतर राखायचं.

तिथल्या अटींतली सर्वांत बोलकी अट मात्र फळ्यांची आहे. पाण्याखाली सागरी गवत असेल तर डॉक भरतीच्या सरासरी पातळीपासून पाच फूट उंच, जास्तीत जास्त चार फूट रुंद आणि दोन फळ्यांमध्ये अर्ध्या इंचाची फट ठेवून बांधावा असं मार्गदर्शक सूचना सांगतात. त्या फटीतून ऊन खाली पोहोचलं तर गवत जगतं, गवत जगलं तर मासळीच्या पिलांना आणि मॅनेटी या अवाढव्य सागरी सस्तन प्राण्याला चारा मिळतो. वॉशिंग्टन राज्यातल्या तळ्यांकाठी याच कारणासाठी जाळीदार पाटण बसवायला लावतात, कारण सामनची पिलं डॉकच्या गडद सावलीत शिरायला बिचकतात.

महाराष्ट्रात घरगुती जेट्टीसाठी अशी तयार मापं नाहीत. आकार अमुक, फट तमुक, एवढं पाळलं तर परवानगी घरबसल्या, अशी सोय नसल्यामुळे वीस मीटरच्या लाकडी पाटणीला आणि दोनशे मीटरच्या काँक्रीट धक्क्याला जवळपास त्याच पायऱ्या चढाव्या लागतात. छोट्या माणसाची तक्रार रास्त आहे ती इथे. नियम कडक असल्यापेक्षा ते सगळ्यांना एकाच मापाने मोजतात, हे त्याला जाचतं.

रेडिओ क्लबचा धडा

सरकारने स्वतः जेट्टी बांधायची म्हटली तरी सगळं सुरळीत होतं असं नाही. गेटवे ऑफ इंडियाजवळ रेडिओ क्लबपाशी सागरी मंडळाने सुमारे २२९ कोटी रुपयांचा प्रवासी जेट्टीचा प्रकल्प आखला. गेटवेवरून एलिफंटा, मांडव्याला जाणाऱ्या लाखो प्रवाशांची गर्दी आणि जुन्या पायऱ्यांवरची धोक्याची चढउतार हे त्यामागचं कारण. किनारा प्राधिकरणापासून हेरिटेज समितीपर्यंत आणि वाहतूक पोलिसांपर्यंत परवानग्यांची माळ जमवली गेली. तरी कुलाब्यातल्या रहिवाशांच्या संघटनेने वारसा, गर्दी आणि रहिवाशांशी सल्लामसलत न झाल्याचे मुद्दे घेऊन उच्च न्यायालय गाठलं.

जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने प्रकल्पाला मोकळीक दिली. मात्र निकालातल्या अटी वाचण्याजोग्या आहेत. प्रस्तावित खुला रंगमंच प्रवाशांना थांबायलाच वापरायचा, करमणुकीचे कार्यक्रम नाहीत. खाण्याच्या जागेत पाणी आणि बंद पाकिटातले पदार्थ एवढंच, जेवणावळी नाहीत. नवी जेट्टी झाली की गेटवेच्या जुन्या जेट्ट्यांचा वापर नौदलाच्या निर्देशांनुसार टप्प्याटप्प्याने बंद करायचा. सर्वोच्च न्यायालयानेही सप्टेंबर २०२५ मध्ये हा निकाल कायम ठेवला. बोटीत चढण्याउतरण्यापुरती जेट्टी मान्य, तिच्या आडून हॉटेल नको, अशी ही सरळ वाटणी होती.

उलट टोकाचं उदाहरण किहीमचं. तेव्हा फरार असलेल्या हिरे व्यापारी नीरव मोदीचा तिथला बंगला किनारपट्टीचे नियम मोडून बांधलेला ठरला आणि जनहित याचिकेनंतर मार्च २०१९ मध्ये तो स्फोटकं लावून पाडण्यात आला. केरळमध्ये वेंबनाड तलावातल्या नेडियतुरुत्तु बेटावरचा रिसॉर्टही सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२० च्या आदेशानंतर पाडावा लागला. ‘आधी बांधू, मग नियमित करून घेऊ’ हा आपल्याकडचा जुना हिशेब पाण्याकाठी फार महाग पडतो.

मग वाशिष्ठीकाठच्या त्या कुटुंबाने काय करावं? त्यांच्याच खाडीत एक चालता दाखला आहे. दाभोळ ते धोपावे ही गाड्या नेणारी फेरीबोट २००३ पासून चालते आहे. खासगी उद्योजकाने चालवलेल्या या बोटीमुळे दापोली आणि गुहागर तालुक्यांमधला चिपळूणमार्गे लांबचा फेरा वाचला. सगळ्यांच्या उपयोगाची वाट असली की खासगी पैशालाही पाण्यात जागा मिळते, हे तिने दाखवलं.

छोट्या प्रमाणावर हाच मार्ग घेता येतो. गावाच्या जुन्या धक्क्याची दुरुस्ती करून त्यावरून बोट चालवण्याचा परवाना मागितला तर कोऱ्या जागेवर नवी जेट्टी मागण्याइतके कागद लागत नाहीत. चार होमस्टेवाल्यांनी आणि मच्छीमार सोसायटीने मिळून एकच अर्ज केला तर ‘जेट्टी कुणाची’ हा प्रश्न जिल्हा समितीत अर्धा सुटून येतो. तरंगती जेट्टी हाही पर्याय आहे. पाण्याबरोबर वरखाली होणारे पोकळ तराफे, त्यांना धरणारे मोजके खांब आणि काठापासून उतरती शिडी. पावसाळ्याआधी ते ओढून काठाला घेता येतात. परवानगी त्यालाही लागते, पण पाण्याच्या तळाला धक्का कमी लागल्याने अहवालात उत्तरं देणं सोपं जातं.

मंजुरी मिळाली तरी फाइल बंद होत नाही. अटी पाळल्याचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो आणि मंजुरीला मुदत असते. तिच्या आत काम झालं नाही तर पुन्हा अर्ज. कामाचा हंगामही तोकडाच. जून ते सप्टेंबर खाडीत ना मोजणी होते, ना खांब ठोकता येतात. दिवाळीच्या गर्दीत पाहुणे जेट्टीवरून बोटीत बसावेत असं वाटत असेल, तर रेषेचा नकाशा काढणाऱ्या संस्थेला पत्र निदान त्याच्या आदल्या वर्षीच्या दिवाळीत तरी गेलेलं हवं. त्याच्याही आधी किनारा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरच्या मंजूर नकाशात आपला गट कुठल्या वर्गात पडतो, ते फुकट पाहून घेता येतं.